मिरचीवर तोललेलं गाणं

आमच्या घरात दोन आवाज कधी थांबायचे नाहीत. एक खोकल्याचा आणि दुसरा माझा. खोकल्याला इलाज नव्हता, कारण घराला लागूनच मिरचीचं गोदाम होतं आणि वारा फिरला की सगळं घर नाक पुसत बसायचं. पाहुण्याला आधी ठसका लागायचा, मग ताट यायचं. नवी सून आली की पहिला महिना ती पदर नाकाला लावून वावरायची, आणि तो पदर खाली आला की ‘आता रुळली’ असं बायका म्हणायच्या. मी तर त्याच हवेत जन्मले, त्यामुळे बाहेरगावी गेलं की मला श्वास घेतल्यासारखंच वाटायचं नाही. माझ्या आवाजाला मात्र इलाज आहे, आणि तो लवकर केला पाहिजे, असं बाबूजींचं ठाम मत होतं.

बाबूजी म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, घराचे कर्ते. वडिलांना आम्ही काकाजी म्हणायचो, कारण घरातली थोरली मुलं तसंच म्हणत आणि आम्ही त्यांचं ऐकून शिकलो; आईला बाई म्हणायचो. आमचे पूर्वज मारवाडातून कधी निघाले आणि नंदुरबारला येऊन कसे टेकले ते मला नीट ठाऊक नाही. घरात मारवाडी, दाराबाहेर अहिराणी आणि शाळेत मराठी अशा तीन जिभा मात्र आम्हा सगळ्यांना होत्या, आणि भांडताना तिन्ही एकदम चालायच्या. घरातलं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते, नाहीतर माझ्या नातसुना पुस्तक मिटून ठेवतील.

काकाजी मऊ होते आणि बाबूजी सरळ. माणूस मऊ असला की सगळ्यांना आवडतो, सरळ असला की सगळे त्याला वचकून असतात. आमच्याकडे दोन्ही होतं म्हणून दुकान चाललं. बाबूजींचा तराजू गावात प्रसिद्ध होता. तोलण्याआधी ते दोन्ही पारड्यांवर फुंकर मारायचे, मग काटा स्थिर होईपर्यंत स्वतःचा श्वास धरून उभे राहायचे. शहाद्याकडचे शेतकरी दुसरीकडे चार पैसे जास्त मिळत असले तरी माल आमच्याकडे घालायचे, ते त्या धरलेल्या श्वासासाठी. सणाला घरात पेढे आले तरी ते मुलांना सारखेच मिळाले पाहिजेत म्हणून बाबूजी पेढा मोडून कण इकडचा तिकडे करायचे. आम्हाला तेव्हा हसू यायचं.

आता गुलाबाईचं सांगते. भादव्याच्या पुनवेला गल्लीगल्लीत मातीची गुलाबाई आणि तिचा गुलोजी बसायचे, ते कोजागरीपर्यंत. रोज दिवस कलला की मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जायच्या, गाणी म्हणायच्या आणि शेवटी खाऊ ओळखायच्या. घरची बाई डबा झाकून खुळखुळ वाजवायची, आणि आम्ही आवाजावरून सांगायचं: फुटाणे! गूळदाणे! शंकरपाळी! ओळखला तर मिळायचा, नाही ओळखला तरी मिळायचाच, पण त्या आधी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली जायची. माझ्या बाईला हे सगळं आपलं वाटत नसे. आपल्या घरच्या मुलींनी मारवाडातली गणगौर पूजावी, गल्लीत काय नाचायचं, असं ती म्हणे. पण खाऊचा डबा सगळ्यात मोठा तिचाच असायचा. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं व्हायची, म्हणून आमच्या शेठगल्लीतल्या मुली माझ्यासाठी खेळ लवकर सुरू करायच्या. खरं सांगायचं तर पुढे गाणारी मीच होते आणि माझ्यावाचून त्यांचं अडायचं!

माझ्या तोडीची गावात एकच होती. माळीवाड्यातली कौसा. तिची आई सरजामावशी आमच्या पथारीवर कामाला यायची. मिरची वाळत घालायची ती मोकळी जमीन म्हणजे पथारी. सगळीकडे लालच लाल, आणि त्यात बायका ओळीनं बसून देठ खुडताहेत. कौसा आईबरोबर यायची आणि देठ खुडता खुडता गायची. मी निरोप पोचवायच्या निमित्तानं तिथे जायची ती तासभर परत फिरायची नाही. तिच्या चाली मी चोरायची, माझे शब्द ती चोरायची, आणि चोरी पकडली गेली की दोघी एकमेकींना चिमटे काढायचो. एकदा ती मला म्हणाली, “शेठनी पोर, तुन्हा गळामा तूप शे, पन मिरची नही वं.” मी म्हटलं, “आनि तुन्हा गळामा मिरचीच मिरची शे. ऐकनाराले पानी प्यावं लागस!” सरजामावशी हसून हसून आडवी झाली.

त्या वर्षी वकिलीणबाईंच्या मनात आलं की गुलाबाईच्या गाण्यांची स्पर्धा घ्यायची. त्या पुण्याकडून लग्न होऊन आलेल्या, शिकलेल्या, आणि गावात काही ना काही घडलं पाहिजे असं त्यांना सारखं वाटे. कोजागरीला दुपारी कापसाच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात सगळ्या गल्ल्यांच्या मुलींनी गायचं, गावातल्या बायकांनी कौल द्यायचा आणि जिंकलेल्या मुलीला चांदीच्या मुठीच्या टिपऱ्या! ही बातमी आली त्या दिवशी मी जेवताना ताटात भाजी आहे की वरण याचा मला पत्ता नव्हता. मी गातच जेवत होते. बाबूजींनी हातातला घास खाली ठेवला. “रतन,” ते म्हणाले, “तुझं हे किती दिवस चालायचं?”

काकाजी मध्ये पडले. गावात एक पेटीमास्तर राहायला आले होते, नाटक कंपनीतून निवृत्त झालेले, वयस्कर आणि सभ्य. पोरीचा गळा चांगला आहे, घरी येऊन शिकवतील, असं काकाजींनी हळूच मांडलं. बाई ताट वाढता वाढता थांबली. आमच्या घराण्यात मुलीनं गाणं शिकणं म्हणजे काय हे आजच्या मुलींना कळायचं नाही. बाबूजी रागावले नाहीत, त्यांनी विचार केला. “बाप म्हणतो गळा चांगला आहे. बापाचं सांगणं म्हणजे दुकानदारानं आपल्याच मालाची तारीफ करणं,” ते म्हणाले. “गावाला सांगू दे. स्पर्धेत गावानं हिला कौल दिला, तर मास्तर येतील. नाही दिला, तर हे गाणं बंद. मग परत विषय नाही.” काकाजींनी मान डोलावली आणि मी जेवण सोडून अंगणात जाऊन उड्या मारल्या. मला वाटलं, जिंकलेच मी! हरण्याचा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. आज इतकी म्हातारी झाले, पण ती उडी माझ्या पायांना अजून आठवते.

आता कौल घ्यायचा कसा? बायकांना लिहिता येत नव्हतं, आणि हात वर करायला सांगितलं तर सासूकडे बघितल्याशिवाय एकीचा हात उठला नसता. मग बायकांच्या बैठकीत ठरलं की प्रत्येकीनं आपल्या घरातली एक सुकी मिरची आणायची. पडद्याआड गल्लीगणिक एक मडकं. एकेकीनं आत जायचं, आवडलेल्या गल्लीच्या मडक्यात मिरची टाकायची आणि बाहेर यायचं. कुणी कुणाला दिली ते देवालाच ठाऊक. इथपर्यंत छानच होतं. पण एवढ्या मिरच्या मोजणार कोण? हातांची आग आग होईल, डोळे चुरचुरतील! तेव्हा कुणीतरी म्हणालं, “मोजाना कसाले? तोली ल्या!” आणि सगळ्यांना ते इतकं पटलं की विचारता सोय नाही. दुसऱ्या कुठल्याही गावात कुणी हसलं असतं. आमच्या गावात मिरची म्हटली की तराजू आलाच. मिरची मोजतात हे आम्ही कधी पाहिलेलंच नव्हतं. वकिलीणबाईंनाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही. तोलायला बाबूजींना बोलवायचं ठरलं, कारण त्यांच्या काट्यावर कुणाचाच संशय नव्हता.

माझा नातू टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा बघतो आणि मोबाईलवरून मत पाठवतो. एकाच मुलीला तो परवा कितीतरी वेळा पाठवत होता. मी विचारलं, अरे, एका माणसाचं एक मत ना? तर म्हणाला, आजी, पैसे भरले की हवी तेवढी. मला आमची मडकी आठवली आणि हसायला आलं, तो मात्र उगाच रागावला.

कोजागरीला आठवडा राहिला असताना नव्या हंगामाची पहिली मिरची बाजारात आली. पहिला माल नेहमीच थोडा, पण टपोरा आणि देखणा, आणि पुरता वाळलेला नसल्यामुळे जड. बाबूजी खरेदीसाठी दोन दिवस नवापूरकडे गेले होते. काकाजींनी त्यातली चांगली चांगली मिरची काढून टोपल्यांत भरली आणि आमच्या गल्लीत, शेजारच्या गल्लीत, स्टेशनाकडच्या घरांत शकुनाची म्हणून वाटायला पाठवली. स्पर्धेचं नाव कुणी काढलं नाही. बाई एवढंच म्हणाली, “या वर्षी मोठं मन झालंय तुमचं.” काकाजी हसले. मला त्यात काहीच वाटलं नाही. मी तेव्हा आमच्या गाण्यात तिसरं कडवं कुठून चढवावं या काळजीत होते.

कोजागरीची ती दुपार! जिनाचं आवार झाडून सडा घातलेला, मध्ये गुलाबाईची मूर्ती झेंडूत बुडालेली, आणि बायका अशा लोटल्या होत्या की पुरुषांना कुंपणाबाहेर उभं राहावं लागलं. आत पुरुष दोनच, तराजूपाशी बाबूजी आणि त्यांच्या मागे काकाजी. पोरींचा कलकलाट, टिपऱ्यांचा खणखणाट, लहान मुलांची रडारड, आणि सगळ्यांच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेली एकेक मिरची. बायका शिंकत होत्या, हसत होत्या. बाकीच्या गल्ल्या गाऊन गेल्या, त्यांचं मला काही ऐकू आलं नाही. मग माळीवाड्याच्या मुलींनी फेर धरला आणि कौसा पुढे आली.

तिनं कुठलं जुनं गाणं घेतलं नाही. स्वतः रचलेलं घेतलं, ती बया!

आंगनमा लाल लाल, माय, काय पसरं?
सासरना निरोप उना, काळीज घसरं…

दुसऱ्या ओळीवर ती अशी काही खाली उतरली की समोरच्या सगळ्या लेकुरवाळ्यांनी एकदम पदर डोळ्यांना लावला, आणि तो मिरचीमुळे नव्हता. आता हिच्यापुढे आपलं काय, असं मला वाटलं. आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला की मी जोरात ‘वा वं!’ म्हणून ओरडले. आमच्या गल्लीच्या मुलींनी मला कोपरानं ढोसलं. पण काय करू? चांगलं गाणं ऐकलं की माझ्या तोंडून निघून जातंच, मग ते वैऱ्याचं का असेना.

मग आम्ही. मी कशी गायले ते मला सांगता येणार नाही. पायाखाली जमीन आहे की नाही ते कळत नव्हतं. एवढं आठवतं की गुलाबाईच्या माहेरच्या वाटेचं आमचं गाणं तिसऱ्या कडव्याला चढलं, टिपऱ्या एका ठोक्यात वाजायला लागल्या आणि कुंपणाबाहेरचे पुरुषसुद्धा ताल धरू लागले. आवाज माझ्यातून निघत नव्हता, मीच त्याच्या मागून धावत होते. संपलं तेव्हा माझी वेणी सुटलेली होती. आपल्या मुलींत उभी असलेली कौसा लांबून दोन्ही हात वर करून नाचत होती.

पडद्याआड बायका जाऊन आल्या. मडकी बाहेर आली. बाबूजींनी पारड्यांवर फुंकर मारली. बाकीच्या गल्ल्यांचा माल किरकोळ निघाला. शेवटी एका पारड्यात माळीवाड्याची मिरची, एका पारड्यात आमची. बाबूजींनी हात सोडला आणि आमचं पारडं धाडकन खाली बसलं! मी किंचाळले. आमच्या मुलींनी मला उचललं. मला वरून दिसत होते ते फक्त काकाजी, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

पण टाळ्या वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागल्या. मी खाली उतरले आणि पाहिलं. माळीवाड्याच्या पारड्यात मिरचीचा डोंगर होता. आमच्या पारड्यात त्याहून बराच लहान ढीग होता, आणि तरी तेच खाली होतं. नंदुरबारच्या बायकांना आणखी काय सांगावं लागतं? मागून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, “वली मिरची शे माय ती! नवा माल शे!” आणि जो हशा उठला तो कुंपणाबाहेर गेला. बाबूजींनी आमच्या ढिगातली एक मिरची उचलली, वाकवली. सुकी मिरची मोडते, ही वाकली. हा माल गावात कुणाच्या पथारीवर आला होता हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? त्यांनी मागे वळून काकाजींकडे पाहिलं. काकाजी जमिनीकडे बघत होते.

बाबूजींनी तराजू उतरवला. “हा तोल खोटा आहे,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “माल माझ्या घरचा आहे. मिरचीवर निकाल लागणार नाही.” ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मी घरात कधीच ऐकला नव्हता. मास्तर गेले, पेटी गेली, सगळं गेलं, असं मला वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे मी बरी गायले की वाईट, हेच कळेनासं झालं.

मग वकिलीणबाई पुढे आल्या. त्यांनी टाळी वाजवली. “त्यात काय एवढं?” त्या म्हणाल्या. “लपवाछपवीच नको. दोन्ही मुली इथे उभ्या राहतील. ज्या बाईला जिचं गाणं आवडलं, तिनं तिच्या मागं जाऊन उभं राहावं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. याहून स्वच्छ काय असणार?” सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबूजींनीही डोलावली. मला तर ते ऐकून पुन्हा धीर आला. आता कळेल, आता खरं कळेल! कौसा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये गुलाबाई, आणि समोर तराजूपाशी बाबूजी उभे.

बायका उठल्या. माझ्या मागे एक आली, दोन आल्या, मग भराभर यायला लागल्या. मी मान वळवून मोजावं म्हणून पाहिलं आणि मला ओळखीचे चेहरे दिसले. पथारीवरच्या बायका होत्या त्या. देठ खुडणाऱ्या, पोती शिवणाऱ्या, गोदाम झाडणाऱ्या. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या बाबूजींकडे बघत होत्या, आपण इथे उभ्या आहोत हे त्यांनी पाहिलं की नाही एवढंच बघत होत्या. नवा हंगाम तोंडावर आलेला. पथारीवर कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, ते आमच्या घरातून ठरायचं. आणि मग मी पाहिलं, सरजामावशी उठली. ती क्षणभर मधल्या जागेत थांबली. एकदा कौसाकडे पाहिलं, एकदा बाबूजींकडे. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि खाली मान घालून माझ्या मागे येऊन उभी राहिली. कौसाची स्वतःची आई! कौसानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मला चीड आली. माझ्यावर त्यागाबिगाचं भूषण लादू नका. माझ्या सुनेनं ही गोष्ट नातवंडांना तशी सांगितली तेव्हाही मी तिला टोकलं होतं. मी चौदा वर्षांची होते आणि मला जिंकायचं होतं, अगदी जीव तुटेस्तोवर जिंकायचं होतं. पण माझं गाणं कुणीतरी ऐकायला नको का? आधी मिरची तोलली, आता हंगाम तोलत होत्या. एवढ्या मोठ्या गावात एकही बाई मला खरं सांगेना! मी तिथून निघाले, गुलाबाईला वळसा घातला आणि तरातरा जाऊन कौसाच्या मागे उभी राहिले.

आधी कुणाला कळलंच नाही. कौसानं खांद्यावरून मागे पाहिलं. “काय करी ऱ्हायनी वं तू? तुन्ही जागा तठे शे.”

“मी बी बाईमानूसच शे ना?” मी म्हटलं. “मन्हाबी एक कौल शे.”

त्यावर काय झालं सांगू! जिच्या मागे रांग लागायची तीच दुसरीच्या मागे, मग रांगेनं उभं राहायचं कुणाच्या मागे? माझ्या रिकाम्या जागेमागे बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मघाचीच म्हातारी ओरडली, “शेठनी पोरनीच कौल दिना, आते भ्याव कसानं?” आणि हसण्याची अशी लाट आली की रांग मोडली. बायका इकडे पळाल्या, तिकडे पळाल्या, पोरं रडायला लागली, कुणाच्या टिपऱ्या पायाखाली गेल्या. सरजामावशी पळत आली आणि तिनं आम्हा दोघींना एकदमच कवेत घेतलं. ती रडत होती आणि मला म्हणत होती, “चुकनी वं माय, चुकनी.” मी पण रडत होते, आणि हसतही होते. चांदीच्या मुठीच्या टिपऱ्या वकिलीणबाईंनी कौसाच्या हातात दिल्या. त्या दिवशी खरंच कोण सरस गायलं ते मला आजवर कळलेलं नाही, आणि ती रुखरुख अजून जात नाही.

घरी आलो तेव्हा सूर्य मावळायला थोडाच वेळ होता. पानं मांडलेलीच होती. बाई वाढत होती, पण कढी वाढली की नाही याचंही तिला भान नव्हतं. काकाजी हळूच म्हणाले, “मी कुणाला मत मागितलं नाही. शकुनाची मिरची वाटली फक्त.”

“वाटायला कुणी बंदी केली आहे?” बाबूजी म्हणाले. “वाटताना मनात काय होतं ते सांग.”

काकाजींनी घास परत ताटात ठेवला. “पोरीला शिकायला मिळावं,” ते म्हणाले. आणि मग माझ्या बापाला मी आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं. मी उठून त्यांच्या जवळ जाऊन बसले. रागवायचं ठरवलं होतं, ते जमलंच नाही.

बाबूजी पाणी प्यायले. मला वाटलं आता ते म्हणतील, गाणं बंद. ते म्हणाले, “सौदा असा होता की गाव सांगेल. गावानं हिला हो म्हटलं नाही. पण नाही म्हटलं, असंही मी म्हणू शकत नाही. आपण गावाला बोलूच दिलं नाही. आधी तुझ्या मिरचीनं, मग मी तिथे उभा राहिलो म्हणून. ते मला सुचायला हवं होतं.” त्यांनी तांब्या खाली ठेवला. “मास्तर येतील. पण इथे नाही. जिंकलेल्या मुलीकडे जातील, माळीवाड्यात. खर्च तुझ्या हिश्श्यातून. रतन तिथे जाऊन बसेल, ऐकेल. तिनं गायचं की नाही, ते मास्तर ठरवतील. आपल्यापैकी कुणी त्यांच्याशी त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही.” बाईच्या हातातली पळी पडली. आमच्या घरातली मुलगी माळीवाड्यात जाऊन बसणार! पण बाबूजी बोलले की तोल झाला, मग काटा परत हलत नसे.

मास्तर आले त्या दिवशी सरजामावशीनं अंगण सारवून ठेवलं होतं आणि त्यांच्यासाठी शेजारून खुर्ची मागून आणली होती. गोणपाटावर कौसा बसली, मी तिच्यामागे भिंतीला टेकून बसले. मास्तर मोठे कडक. त्यांनी कौसाला एक सूर दिला, तिनं तो लावला, त्यांनी मान हलवली, पुन्हा दिला, तिनं पुन्हा लावला. माझा गळा आतल्या आत इतका फडफडत होता की मी दोन्ही हात तोंडावर दाबून बसले होते. शेवटी त्यांचं लक्ष गेलं. “आणि ही कोण?” त्यांनी विचारलं. “ही का नुसती बसली आहे?”

मी उभी राहिले. घरून बजावलं होतं तसं सांगितलं, “मी ऐकायला आलेय. मला गावाचा कौल नाही.”

मास्तरांना काही कळेना. ते कौसाकडे बघायला लागले. कौसा गोणपाटावरून उठली नाही, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. पेटीवर नजर ठेवून ती म्हणाली, “मास्तर, त्या दिन बठ्ठ्या बायास्ले कौल इचारा. माले कोनी इचारंच नही. आते तुम्ही इचारा, मी इन्हंच नाव लिसू.”

मास्तरांनी पेटी थोडी बाजूला ओढली आणि मला गोणपाटावर जागा करून दिली.